वॅक्स केलेला कोबा: आधी डाग कुठल्या थरात आहे ते बघा

प्रश्न: नाशिकला गंगापूर रोडवर आमचं तळमजल्याचं घर आहे. चार वर्षांपूर्वी हॉल आणि जेवणाची जागा मिळून साधारण साडेचारशे चौरस फुटांत तपकिरी ॲसिड स्टेनचा कोबा करून घेतला. त्यावर सीलर आणि सीलरवर वॅक्स. सुरुवातीला फरशी आरशासारखी होती. आता दारापासून स्वयंपाकघरापर्यंत मळकट, निस्तेज पट्टा पडलाय. जेवणाच्या टेबलाखाली पांढरे ठिपके आलेत, देवघरापुढे पाय चिकटतो, आणि बागेकडच्या भिंतीलगत पावसाळ्यानंतर पांढरी पावडर येते. मावशी रोज फिनाइलच्या पाण्याने पुसतात, शनिवारी त्यात मूठभर मीठ असतं. ओळखीचा मार्बल पॉलिशवाला म्हणतो, मशीन मारून दोन दिवसांत चकाचक करून देतो. काम करणाऱ्याने जाताना वॅक्सचा अर्धा डबा ठेवला होता, तोच वरून लावला तर चालेल का? दिवाळीच्या आत व्हावं असं वाटतं.

उत्तर: ताई, पॉलिशवाल्याला आजच नाही म्हणून टाका. बाकीचं सावकाश बघू. तुमची तक्रार एक वाटत असली तरी दुखणी चार आहेत आणि ती वेगवेगळ्या थरांतली आहेत. चौघांवर एकच वॅक्स फासलं तर मळ आणि ओल दोन्ही खाली कोंडून जातील. मग ते काढताना आत्ताच्या दुप्पट काम लागेल.

तुमच्या पायाखाली तीन थर आहेत. सगळ्यात खाली स्टेन झालेला कोबा. ॲसिड स्टेनमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लोह, मँगनीज किंवा तांब्याचे क्षार असतात. सिमेंटमध्ये उरलेल्या चुन्याशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि रंग तिथेच, सिमेंटच्या वरच्या पातळ पापुद्र्यात, कायमचा बसतो. तपकिरी छटा बहुतेक लोह आणि मँगनीजच्या. त्यावर सीलर. सीलरचं काम पाणी आणि तेल आत जाऊ न देणं. आणि सगळ्यात वर वॅक्स, ते शाळेच्या पुस्तकाला घातलेल्या खाकी कव्हरासारखं. फाटायचं ते त्याने, पुस्तकाने नाही. म्हणजे चार वर्षांत वॅक्स झिजलं यात कोणाचीच चूक नाही, झिजण्यासाठीच ते असतं. फक्त ते झिजल्यावर वेळेत बदललं गेलं नाही, आणि मधल्या काळात पाय सीलरवर पडत राहिले.

पॉलिशवाल्याला नकार द्यायचं कारणही यातच आहे. मार्बल किंवा मोझॅकच्या पॉलिशमध्ये आधी डायमंड पॅडने पृष्ठभाग घासतात आणि शेवटी बहुतेकदा ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर मारतात. मार्बलचा रंग आरपार असतो, त्यामुळे वरचा थर गेला तरी खाली तोच दगड निघतो. तुमचा रंग पापुद्र्यात आहे. पहिल्याच पॅडला तो उडेल, खालचा करडा सिमेंट आणि कदाचित खडीही दिसू लागेल. तिथे पुन्हा स्टेन मारला तरी जुनी छटा येत नाही, कारण स्टेन ज्या चुन्यावर काम करतो तो त्या ठिकाणी आता तेवढा शिल्लक नसतो. जुन्या नाशकातल्या घरांत लाल ऑक्साइडचा कोबा आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावं. तिथला रंगीत थर तुमच्यापेक्षा जाड, पण काही मिलिमीटरचाच असतो.

आता तपासणी. तासाभराचं काम आहे, पण यातली एकही पायरी गाळू नका.

डब्याचं झाकण उघडून वास घ्या. पेंटच्या दुकानासारखा टर्पेंटाइनचा वास येत असेल आणि आत लोण्यासारखा घट्ट गोळा असेल तर ते पेस्ट वॅक्स. दुधासारखं पातळ पांढरं द्रव असेल तर ते वॉटर बेस फ्लोअर फिनिश, म्हणजे प्रामुख्याने ॲक्रिलिक. दोघांची काढण्याची पद्धत वेगळी आणि एकावर दुसरं बसत नाही. पेस्ट वॅक्सवर ॲक्रिलिक लावलं तर काही दिवसांत त्याचे पोपडे सुटतात. डब्यावर विसंबूनही राहू नका. सोफ्याखालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन अर्धा मिनिट चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी तेलकट थर आला आणि फरशी तेवढ्यापुरती निस्तेज झाली तर पेस्ट वॅक्स नक्की. काहीच हललं नाही तर ॲक्रिलिक समजा.

मग पाण्याचा थेंब. मळकट पट्ट्यावर, टेबलाखाली, देवघरापुढे आणि सोफ्याखाली असे चार ठिकाणी चमचाभर पाणी टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब गोल टिकला तर वॅक्स शाबूत आहे. पसरला पण फरशी गडद झाली नाही, तर वॅक्स गेलंय, सीलर आहे. ओल आत शिरून गडद डाग पडला तर तिथे सीलरही गेलाय. तिथे आधी सीलर लागेल, मग वॅक्स.

टेबलाखालच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे जरा निरखून बघा, कारण तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. ठिपक्यावर बोटाने पाणी लावा. ओला असताना ठिपका नाहीसा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर पृष्ठभाग खरखरीत झालाय, म्हणजे ॲसिडने खाल्लाय किंवा चरा पडलाय. नख फिरवलंत तर कड जाणवेल. पाणी लावूनही ठिपका पांढराच राहिला तर वॅक्सच्या आत बाष्प अडकलंय, तो फक्त वॅक्सचा दोष आहे आणि वॅक्स काढलं की जाईल. जेवणाच्या टेबलाखाली पहिला प्रकार जास्त. लिंबू, ताक, चिंचेची आमटी, सोलकढी हे सगळं आंबट, आणि द्राक्षांच्या हंगामात घराघरात घोस असतात त्या आपल्या नाशिकच्या द्राक्षांतही चिंचेतलंच टार्टारिक ॲसिड असतं. पोरांच्या हातून पडलेला एक फुटका मणी रात्रभर राहिला, आणि खाली वॅक्स झिजलेलं असलं, की सकाळी तिथे पांढरा चट्टा. वाइन सांडली तरी तेच.

भिंतीलगतची पांढरी पावडर म्हणजे लोणा. जमिनीतली ओल कोब्यातून वर येते, विरघळलेले क्षार सोबत आणते आणि पाणी उडालं की क्षार मागे राहतात. किती ओल येते ते असं बघा: ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. संध्याकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा. आत थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला असेल तर ओल चालू आहे. एक तुकडा भिंतीलगत आणि एक हॉलच्या मध्यावर लावा, म्हणजे दुखणं भिंतीपुरतं आहे की सगळीकडे, ते कळेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पट्टा झिजेचा, ठिपके आंबटाचे आणि देवघरापुढचा चिकटपणा तेलाचा असावा. त्या तिन्हींचा इलाज वॅक्स पूर्ण काढून नव्याने लावणं हाच. पेस्ट वॅक्स आहे असं धरून सांगतो.

सामान: मिनरल टर्पेंटाइन दोन लिटर, पांढरे नायलॉन पॅड चार-पाच, जुन्या सुती साड्या किंवा धोतरं भरपूर, नायट्राइल हातमोजे, न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही असं) फ्लोअर क्लीनर आणि साधारण किलोभर पेस्ट वॅक्स. जुना डबा घट्ट, दाणेदार किंवा कोरडा झाला असेल तर टाकून द्या. पॅड पांढरेच आणा. हिरवे आणि काळे जास्त खरखरीत असतात, त्यांनी सीलरवर चरे पडतात. आणि टर्पेंटाइनऐवजी एनसी थिनर, म्हणजे लाकडाच्या लॅकर पॉलिशला वापरतात तो तीव्र थिनर, कोणी दिला तर परत करा. तुमचं सीलर ॲक्रिलिक असेल तर थिनर ते विरघळवून टाकेल. टर्पेंटाइन सौम्य आहे, तरी आधी कोपऱ्यात करून बघा. फडकं लावल्यावर फरशी चिकट, च्युइंगगमसारखी ताणू लागली तर तिथेच थांबा, सीलर सुटतंय.

खिडक्या उघड्या, पंखा चालू, गॅस बंद, आणि निरांजन, समई, उदबत्ती त्या दिवशी दुसऱ्या खोलीतही नको. टर्पेंटाइनची वाफ जमिनीलगत पसरते.

झाडून आणि व्हॅक्यूम करून घ्या. एक मीटर बाय एक मीटर एवढाच तुकडा घ्या. टर्पेंटाइन फरशीवर ओतू नका, फडकं ओलं करून फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मग पांढऱ्या पॅडने हलक्या हाताने गोल घासा आणि सुटलेलं वॅक्स लगेच कोरड्या फडक्याने उचला. उशीर झाला तर तेच मळकट वॅक्स पुन्हा तिथेच बसतं. लोक याच ठिकाणी कंटाळतात, एकाच फडक्याने पुढे रेटतात आणि नंतर चट्टे-पट्टे दिसले की वॅक्सला दोष देतात. पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहील तोवर करा. मुख्य पट्ट्याला आणि देवघरापुढे दोनदा, कडेला कदाचित तीनदा करावं लागेल, कारण पाय पडत नाही तिथे वॅक्स साचून पिवळं पडतं. वापरलेली फडकी बोळा करून डब्यात टाकू नका. अंगणात पसरून वाळू द्या, मग फेका.

त्यानंतर न्यूट्रल क्लीनरच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने एकदा ओलसर मॉप फिरवा. एक दिवस पूर्ण सुकू द्या. मग पाण्याच्या थेंबाची तपासणी पुन्हा, आता वॅक्स नसताना. ही खरी सीलरची परीक्षा. जिथे पाणी मुरतं तिथे, पूर्वी जे वापरलं त्याच जातीचं सीलर पातळ हाताने लावावं लागेल. जात माहीत नसेल तर हॉलभर प्रयोग न करता एका कोपऱ्यात लावून दोन दिवस बघा.

ॲसिडने खाल्लेले ठिपके राहतील, ते वॅक्सने पुसले जात नाहीत. पण सीलर आणि वॅक्स बसल्यावर ते ओल्यासारखे गडद दिसतात आणि बरेचसे मिसळून जातात. त्यातही डोळ्यांत खुपत असतील तर तपकिरी टिंटेड पेस्ट वॅक्सचा एक हात फक्त त्या ठिपक्यांवर. पुन्हा ॲसिड स्टेन मारून ठिपके भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सीलर असलेल्या जागी स्टेन लागत नाही आणि सीलर काढून लावला तर भोवती कडा उमटते.

वॅक्स लावताना कमी ते चांगलं. मलमलीच्या दुपदरी तुकड्यात दोन चमचे वॅक्स घालून पुरचुंडी बांधा आणि कापडातून झिरपेल तेवढंच फरशीवर फिरवा. बोटाने ओढल्यावर रेघ दिसली तर थर जाड झालाय. पंधरा-वीस मिनिटांत त्यावर धुक्यासारखी झाक येईल, तेव्हा स्वच्छ सुती किंवा लोकरीच्या कापडाने जोर लावून चमक काढा. फार लवकर पुसलंत तर वॅक्स निघून येतं, तासभर थांबलात तर घट्ट होऊन हात दुखतात. म्हणून एका वेळी दोन-तीन चौरस मीटरच घ्या. सिंगल डिस्क मशीन (खाली एकच गोल पॅड फिरणारं फरशीचं मशीन) भाड्याने मिळत असेल तर चमक काढायला उत्तम, पॅड मात्र पांढरं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याच्या आडव्या दिशेने. तिसरा हात फक्त मुख्य पट्ट्याला. त्यानंतर एक दिवस फर्निचर नको आणि तीन दिवस पाणी नको.

तपासणीत तुमच्याकडे ॲक्रिलिक फिनिश आहे असं कळलं, तर टर्पेंटाइनचा उपयोग नाही. अल्कधर्मी फ्लोअर स्ट्रिपर डब्यावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून पसरवा, दहा मिनिटं ओलं ठेवा, घासा, सगळं पाणी उचला आणि दोनदा धुवा. स्ट्रिपर फरशीवर सुकू देऊ नका. मग दोन-तीन पातळ हात, प्रत्येकात तीस ते पंचेचाळीस मिनिटांचं अंतर.

भिंतीलगतचा साधारण दोन फुटांचा पट्टा या सगळ्यातून वगळा. तिथे ओल चालू असताना वॅक्स लावलं तर ते पांढरं पडून सुटेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूमने उचला. पाण्याने पुसलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. व्हिनेगर किंवा ॲसिडने लोणा पटकन जातो हे खरं आहे, पण सोबत रंगही जातो. ओलीचं मूळ बाहेर शोधा. बागेचा वाफा भिंतीला चिकटलेला असतो, मातीची पातळी घरातल्या फरशीपेक्षा वर आलेली असते आणि रोजचं पाणी तिथेच मुरतं. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते हे वेगळं सांगायला नको. वाफा फूटभर मागे घ्या, माती फरशीच्या पातळीच्या सहा इंच खाली आणा, पावसाचं पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या. फेब्रुवारीत प्लास्टिकची तपासणी पुन्हा करा. कोरडं निघालं तर तेव्हा वॅक्स. नाही निघालं तर तिथे बाष्प जाऊ देणारं पेनिट्रेटिंग (आत मुरणारं) सीलर लावा आणि चमकेचा नाद सोडा.

राहिलं रोजचं पुसणं. पांढऱ्या फिनाइलमध्ये पाइन तेल असतं आणि ते मुळात सॉल्व्हंट आहे. रोज थोडं थोडं वॅक्स मऊ करतं, मऊ वॅक्समध्ये धूळ रुतते, आणि तुमचा मळकट पट्टा तसाच तयार झालाय. काही घरांत पाण्यात रॉकेलचं झाकण टाकतात, त्याचंही तेच. मिठाचं पाणी सुकलं की बारीक क्षार मागे राहतात. ते पायाखाली घासले जातात आणि हवेतली ओलही ओढून घेतात. शनिवारचं मीठ ज्यांना हवंच त्यांनी ते बाहेरच्या पायरीवर वापरावं, तिथे कोणाचं काही बिघडत नाही. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने वॅक्स कापतात. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची बाटली हॉलमध्ये आणूच नका.

मावशींना एवढंच सांगा. आधी कोरडा मायक्रोफायबर मॉप, रोज. केरसुणी चालेल, पण तिने बारीक कच उरते आणि वॅक्स झिजवणारा खरा शत्रू तीच. मग एक दिवसाआड पाच लिटर पाण्यात एक चमचा न्यूट्रल क्लीनर, पीएच सात-आठच्या आसपासचं, आणि मॉप इतका पिळलेला की फरशी दोन मिनिटांत सुकली पाहिजे. पाणी मळलं की बदलायचं. बोअरचं जड पाणी असेल तर त्याचे पांढरे ओघळ राहतात, पुसण्यापुरतं नळाचं पाणी घ्या. आंबट काही सांडलं तर नंतर पुसू म्हणायचं नाही. मिसळीची तर्री सांडली तर आधी टिपकागदाने तेल टिपा, त्यावर टाल्कम पावडर टाकून पंधरा मिनिटं ठेवा, मग पुसा. हळदीवर साबण लावू नका, अल्कलीने ती लाल होते. पुसून झाल्यावर उरलेली पिवळी छटा उन्हाने फिकी पडते.

दाराबाहेर काथ्याचं खरखरीत आणि आत जाड सुती, अशी दोन पायपुसणी हवीत. रबराच्या पाठीचं पायपुसणं वॅक्सवर ठेवू नका, त्याचा डाग उमटतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा आणि ते वर्षातून एकदा बदला, नाहीतर त्यात रुतलेली वाळूच चरे पाडते. बाथरूमच्या दारापाशी आणि पायऱ्यांवर वॅक्स नको. घरात वयस्कर कोणी असेल तर तिथे पाय सटकतो.

पट्ट्यावर पाण्याचा थेंब पसरू लागला की तेवढ्याच भागाला एक हात. सहसा सहा महिन्यांनी वेळ येते. बाकी हॉलला वर्षातून एकदा पुरे.

दिवाळीचं म्हणाल तर पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावर, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात काम धरा. आर्द्रता असली की वॅक्स सुकायला वेळ घेतं आणि त्यात बाष्प अडकतं. काढणं, सुकवणं, दोन हात आणि तीन दिवस विनापाण्याचे, असा आठवडा हाताशी ठेवा. रांगोळी घातलीत तर कोरड्या ब्रशने सुपलीत गोळा करा, ओल्या फडक्याने ओढू नका. ती दगडाचीच भुकटी आहे. आणि पणती फरशीवर थेट ठेवू नका, खाली ताटली किंवा टाइलचा तुकडा हवा. पेस्ट वॅक्समधलं मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि रात्रभर जळलेल्या पणतीखाली तेलाचा गोल डाग वॅक्समध्ये मुरून बसतो. बसलाच, तर तेवढ्याच जागी टर्पेंटाइनचं फडकं फिरवून नवा हात द्या, अख्खा हॉल उकरायची गरज नाही.